सुनेच्या हाताला गुण

सकाळपासूनचा हा अकरावा पेशंट. अंबरनाथच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन मी एकटीच. कंबर बोलत होती, आणि माझं डोकं तर जेवणाच्या वेळेलाच कामावरून गेलं होतं.

पुतळाबाई बदलापूरकडच्या गावच्या. मोडलेल्या पायाचं प्लास्टर काढून पंधरा दिवस झाले होते, तेव्हापासून पाय सुजलेला. आज एकाएकी धाप लागली. रक्ताची गाठ असेल म्हणून डॉक्टरांनी छाती आणि पाय, दोन्हींचा सीटी लिहून दिला होता.

"माजे सुनेचे हाताला गुन हाय," मशीनवर घेताना म्हातारी धापा टाकत म्हणाली. "रोज तेल लावून पाय चोलते. तिचे लग्नाला नव वर्सा झाली, आज पयल्यांदा सांगतंय."

"आजी, बोलू नका. श्वास रोखा."

ज्याला श्वास पुरत नाही त्यालाच आम्ही तो रोखायला सांगतो. रोज सांगते, रोज वाईट वाटतं.

पडद्यावर फुप्फुसाची रक्तवाहिनी शिरेतून सोडलेल्या औषधाने पांढरी दिसायला हवी होती. मधोमध काळी गाठ होती. मांडीच्या शिरेत आणखी एक, अजून तिथेच बसलेली. सूज आली की आपल्याकडे तेल घेऊन रगडतात आणि गाठ सुटून वर फुप्फुसात जाते. आमच्या बुवापाड्यात माझ्या आईनेही हेच केलं असतं. मग चिडायचं कुणावर?

दाराशी सून, विनिता, उभीच होती. "ताई, माझ्या चोळण्यानं तर नाही ना झालं?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," मी म्हटलं. या वाक्यामागे लपून मी दहा वर्षं काढली आहेत.

पुतळाबाईंना स्ट्रेचरवर घेऊन ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना फोन केला. ताबडतोब हॉस्पिटलात आणा, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करू, म्हणाले. परत येऊन पाहते तर विनिताने तेलाची बाटली काढलेली, हात पुन्हा सासूच्या पोटरीवर.

"हात काढ! उरलेली गाठपण वर पाठवायची आहे का?"

बोलून गेले. विनिताचा चेहरा पांढराफटक पडला आणि मला माझीच लाज वाटली.

पुतळाबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "तिला कशाला वरडतेस गो? मीच सांगलंता चोलाला. बरा वाटं."

विनिता रडत तेलाचे हात पदराला पुसू लागली.

"ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. "पाय नको, तं हात धर."

ॲम्ब्युलन्समध्ये चढवेपर्यंत म्हातारीने सुनेचा तो हात सोडला नाही.