देवाची हरळी

मुलुंडच्या कारखान्याच्या साहेबी बंगल्यापुढचं लॉन म्हणजे नुसतं नागरमोथ्याचं तण. आठ वर्षं बदली माळी म्हणून राबणाऱ्या सहदेवला साहेब म्हणाले, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी फोर्टातल्या हापिसातून मोठे साहेब येतील. तोवर लॉन हिरवंगार झालं तर तुला पर्मनंट करू. सहदेव कोकणातला. मातीत हात कसा घालावा हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

आषाढभर तो तिथे उकिडवा बसून होता. मोथ्याची एक गाठ राहिली तरी पुन्हा डोकं काढते, म्हणून वीतभर खणून त्याने गाठी वेचल्या, तांबडी माती आणि शेणखत कालवलं, चार-चार बोटांवर हरळी टोचली. श्रावण सरता सरता जमीन हिरवी झाली. मुळं अजून कच्ची होती, पण दिसायला झकास. आणि हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वाच की.

इथेच गाढवाने माती खाल्ली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी भांडुपच्या आपल्या चाळीतल्या गणपतीसाठी त्याने एक जुडी खुडून नेली. इतक्या कोवळ्या दूर्वा बाजारात मिळत नाहीत, असं जो तो म्हणाला. कुठून आणल्यास, असं शेजाऱ्याने विचारलं, तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? पण आठ वर्षांत त्याच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्याने पत्ता सांगून टाकला.

सकाळी शंका येऊन तो बंगल्यावर पोचला. साहेब सणाला गावी गेलेले. पहारेकऱ्याने देवाच्या नावावर फाटक उघडलेलं आणि अर्धी चाळ पिशव्या घेऊन लॉनवर बसलेली. खुडायचं सोडून मुठीमुठीने उपटत होती. सहदेवने हात जोडले. म्हातारी रुक्मिणीकाकी मान वर न करताच म्हणाली, "देवासाठी नेतंय रे. तुझ्या घरातला काय नेतंय?"

देवाला दूर्वा नाही म्हणायची जीभ सहदेवला कुणी दिलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी उघडीबोडकी जमीन पाहिली. ते गेल्यावर साहेबांनी सहदेवला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

चाळीत आरती चालली होती. सहदेव दाराबाहेरच बसला. गणपतीपुढच्या वाळक्या दूर्वांच्या मुळांना चिकटलेली तांबडी माती त्याला तिथूनही दिसत होती. बायको जानकी प्रसाद घेऊन आली आणि समजुतीने म्हणाली, "देवाच्या पायाशी गेलां ता. वाया नाय गेलां."

"देव परवा जातलो गो," सहदेव म्हणाला. "हंय ऱ्हवतलंव ते आपण."

आणि त्याने प्रसादासाठी हात पुढे केला नाही.