योलानचं नाव

माझे सासरे बोदोर गेर्गेय तिसा नदीवर फेरीबोट चालवायचे. अख्ख्या गावाला त्यांनी कधी ना कधी पलीकडे पोचवलेलं, त्यामुळे ते गेले तेव्हा चर्चमध्ये उभं राहायला जागा उरली नव्हती. हिवाळा सरला आणि थडग्यावर दगड बसला. माझ्या नवऱ्यानं, अंब्रुशनं, स्वतः जाऊन काळा ग्रॅनाइट निवडला होता. वर वडिलांचं नाव, खाली आईचं. आईच्या नावापुढे जन्मसाल कोरून पुढची जागा मोकळी सोडलेली. आमच्याकडे तसंच करतात, मागे राहिलेल्याला त्यात काही वाटत नाही.

सासूबाई दगडाजवळ गेल्या, हातमोजा काढला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. छान झालाय म्हणाल्या.  घरी परतताना गाडी पुलापाशी आली तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, "दगडावर तोच दोनदा आहे. मी कुठंय?"

खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'बोदोर गेर्गेयने'. म्हणजे बोदोर गेर्गेयची बायको; आमच्याकडे आडनाव आधी येतं. त्यांच्या पिढीत लग्न झालं की बाई नवऱ्याचं अख्खं नाव घ्यायची, त्याला शेवटी एक 'ने' जोडला की झालं. लग्नानंतर मी माझंच नाव कायम ठेवलं तेव्हा गावात कुजबुज झाली होती. सासूबाई त्या वेळी काहीच बोलल्या नव्हत्या.

अंब्रुशला ते लागलं. बाबांवर काही राग आहे का, असं त्यानं विचारलं.

"राग कसला रे?" त्या म्हणाल्या. "पोस्टातली पोरगी मला गेर्गेयने म्हणते. डॉक्टर तेच म्हणतो. तू आई म्हणतोस, नातवंडं आजी म्हणतात. मी योलान. योली म्हणणारा एकच होता. तो गेला."

 इतकी वर्षं त्या घरात राहून सासऱ्यांची ती हाक मी रोज ऐकली होती. अंगणातून, बोटीवरून, बिछान्यातून. ती आता कुठूनच येणार नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

अंब्रुश पाथरवटाकडे गेला. तो म्हणाला, कोरलेलं पुसता येणार नाही, पण खाली एक ओळ घालता येईल. आम्ही ठरवलं, माहेरचं नाव घालू, तारनाई योलान. सगळं जुळत आलं होतं, तेवढ्यात बोरी आत्या आली. ही सासऱ्यांची बहीण बोर्बाला. तीही विधवा. तिच्या नवऱ्याच्या दगडावर तिचं नावही असंच कोरून तयार आहे.

आत्यानं कोट काढायच्या आधीच सुरुवात केली. "वहिनी, हे काय ऐकतेय मी? लोक म्हणतील, घटस्फोट झाला होता. थडग्यांच्या आमच्या ओळीत एका तरी बाईचं माहेरचं नाव आहे का? गेर्गेयचं नाव काय टोचायला लागलं तुम्हाला आता?"

सासूबाईंनी कॉफी पुढे केली. "राहू दे वन्सं," एवढंच म्हणाल्या. आत्या गेल्यावर त्यांनी अंब्रुशला सांगितलं, पाथरवटाला नको म्हण. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आम्हीही नाही.

आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस असतो, आणि वाढदिवसापेक्षा हा नावाचा दिवस मोठा. मार्चमध्ये गेर्गेयचा दिवस आला की घरात गाव लोटायचं, सासूबाई आदल्या दिवसापासून केक भाजत बसायच्या. जूनमध्ये योलानचा दिवस यायचा. त्या दिवशी फक्त सासरे बाजारातून गुलाबी पिओनीच्या फुलांचा गुच्छ आणून ओट्यावर ठेवायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, उगाच खर्च.

त्या जूनमध्ये मी पिओनी आणल्या. आंबट चेरीचा केकही केला, खाली थोडा करपला. सासूबाई परसात बटाट्यांच्या वाफ्यात वाकल्या होत्या. मी दारातून हाक मारली, "योली आई!" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा त्या सरळ झाल्या, आणि पहिल्यांदा फाटकाकडे पाहिलं, कोणी आलंय का म्हणून. मग माझ्याकडे. हात पुसता पुसता म्हणाल्या, "केक करपल्याचा वास येतोय बघ." पण आत आल्यावर फुलांत तोंड घालून बराच वेळ उभ्या राहिल्या.

दुपारी फाटक वाजलं. बोरी आत्या होती, हातात रुमालानं झाकलेली ताटली, चांगला निळा झगा घातलेला. मी मनातून घाबरलेच. आत्या ताटली टेबलावर ठेवून उभी राहिली, बसली नाही.

"देव तुला सुखात ठेवो, योलान," ती म्हणाली.

सासूबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"शाळेत तू माझ्या शेजारी बसायचीस," आत्या म्हणाली. "माझ्या भावाशी लग्न केलंस आणि मी तुला वहिनी म्हणायला लागले. आईनं सांगितलं होतं, आता असंच म्हणायचं. त्या दिवशी तुझ्याशी भांडून गेले, तेव्हापासून झोप नाही मला. मी मेले की बोरी कोण होती हे कोणाला कळणार आहे?"

सासूबाईंनी खुर्ची ओढून दिली. "बस गं. तुझ्या केकात अजून साखर कमीच असते का?"

संध्याकाळी अंब्रुश आला, तेव्हा दोघी जर्दाळूच्या दारूचे छोटे पेले पुढ्यात घेऊन गाणं शिकवणाऱ्या कुठल्याशा बाईंची नक्कल करत होत्या. त्याला शुभेच्छा द्यायच्या होत्या. पेला उचलून तो "योला..." एवढंच म्हणू शकला, मग "आई" म्हणाला, आणि तिला मिठी मारली.

पाथरवट ऑगस्टमध्ये आला. सासूबाईंनी घरून घडीची खुर्ची नेली होती. तो कोरत असताना शेजारच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलेल्या एका बाईनं विचारलं, ही तारनाई योलान कोण? आत्यानं सासूबाईंकडे बोट केलं आणि पाथरवटाला म्हणाली, इथलं झालं की दोन ओळी सोडून पलीकडच्या दगडापाशी ये, तिथंही काम आहे.

परतताना दोघी हातात हात घालून पुढे चालल्या होत्या, पाण्याचा डबा घेऊन मी मागे. शाळेत खिडकीजवळची जागा कोणाची होती यावरून त्यांचं जुंपलं होतं. माझीच होती, योली म्हणत होती. बोरी म्हणत होती, खोटं बोलू नकोस.