मी न कापलेल्या फांद्या

जवळ येण्याआधी माझी कडी लावलेली आहे ना, ते बघा. लावली आहे? मग या, मित्रांनो. मी एक जुना सिकेटर आहे. सिकेटर म्हणजे फुलझाडं छाटायची दोन दांड्यांची कात्री. माझा एक दांडा लाल आहे. दुसराही लालच होता, आता त्याच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. मला दोन पाती आहेत, पण कापतं एकच. दुसरं जाड आणि वाकडं आहे, ते फांदीला नुसतं धरून ठेवतं. मध्ये एक स्प्रिंग आहे. दाबलं की मी मिटतो आणि सोडलं की ती मला पुन्हा उघडते. कडी लावली की मात्र मी मिटलेलाच राहतो.

मी ज्या कारखान्यात घडलो तिथलं मला फारसं आठवत नाही. ठोकणं, तापणं, तेलात बुडणं आणि मग खोक्यातली लांबलचक झोप, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते वडगाव मावळच्या बाजारातल्या एका दुकानात. तिथे सारिका आली. कडेवर आठ महिन्यांची सई होती. दुकानदाराने तीन सिकेटर समोर ठेवले. सारिकाने प्रत्येकाला दहा-दहा वेळा उघडून मिटून बघितलं.

"ताई, घर बांधायचंय का त्याने?" दुकानदार हसला.

"घर नाही भाऊ, पण दिवसातून हजार वेळा दाबायचाय," ती म्हणाली. "हा हाताला चावत नाही. हाच द्या."

एवढं कौतुक मला पहिल्यांदाच मिळत होतं. पिशवीत पडल्या पडल्या मी खूश झालो. पण त्याआधी तिने माझी कडी लावली होती आणि ती नीट बसली की नाही हे तीनदा तपासलं होतं. तिचा हा स्वभावच आहे. शेजारी बाळ असलं की तिला जगातली प्रत्येक वस्तू टोकदार दिसते.

बेडसे गावात लेण्यांच्या डोंगराखाली तिचं पॉलिहाऊस होतं. प्लास्टिकच्या छपराखाली दहा गुंठ्यांत गुलाबाचे बावीस लांबट वाफे. तिथे सगळे त्यांना बेडच म्हणतात. सारिका बी.कॉम. झालेली. सासऱ्यांची जमीन, नवरा संदेश कंपनीत पाळीवर, आणि गुलाब शिकली ती नंदाबाईंकडून. नंदाबाई अकरा वर्षं एका मोठ्या पॉलिहाऊसमध्ये काम करून आलेल्या. झाडाकडे बघूनच त्या त्याची तब्येत सांगत.

पहिल्याच दिवशी सारिकाने मला एका बारीक, कळी नसलेल्या फांदीला लावलं. नंदाबाई तिकडून ओरडल्या, "आगं ये! कापू नगं तिला. वाकीव!"

"पण मावशी, हिला फूलच येणार नाही."

"न्हाई येणार. पर फुलाला खाऊ कोन घालतंय? हीच. हिची पानं उन्हात बसून सैपाक करत्यात, आन वरच्या दांड्याला वाढत्यात. बग." त्यांनी ती फांदी बुडाशी धरली, जराशी पिळली आणि अलगद खाली वाकवली. फांदी मोडली नाही. बेडच्या कडेला हिरव्या झालरीसारखी पसरून राहिली.

खरं सांगू, मला राग आला. झाडाच्या निम्म्या फांद्यांना मी हात लावायचा नाही म्हणजे काय? मग मी आहे कशाला? कापतो तो मी, कामाचा तो मी, असं मला तेव्हा वाटायचं.

चार वर्षं चांगली गेली. पहाटेचं दव उतरायच्या आत आम्ही फुलं उतरवायचो. दांडे पाण्याच्या बादलीत, मग लांबीप्रमाणे वेगळे करून वीस-वीसचे गठ्ठे. आणि दुपारी बारा वाजले की सारिका माझी कडी लावायची. दाराबाहेर जांभळाचं झाड आहे. त्याखाली कामावरच्या सगळ्या बायका डबे उघडायच्या. सई बालवाडीतून यायची आणि प्रत्येकीच्या डब्यातला एक घास खायची. नंदाबाई गावभरच्या बातम्या सांगायच्या. जेवून झालं की सारिका मला फडक्याने पुसून स्प्रिंगवर तेलाचा एक थेंब टाकायची. सईला कडेला बसवून म्हणायची, "बघ, हा आता झोपला. झोपलेल्याला उठवायचं नाही." तो अर्धा तास मला सगळ्यात आवडायचा.

मग ते वर्ष आलं. जूनमध्ये वाऱ्याने पश्चिमेकडचं प्लास्टिक उभं फाडलं. ते बसवेपर्यंत पानांवर रोग उतरला. दिवाळीपर्यंत निम्मी फुलं टाकूनच द्यावी लागली. ठरलेला व्यापारी दुसरीकडे वळला. सारिकाने खूप फोन केले, तेव्हा हैदराबादचा एक जण तयार झाला. जानेवारीच्या अखेरीपासून आठ फेब्रुवारीपर्यंत रोज ठरलेले गठ्ठे, लांब दांड्याचेच. तेव्हा गुलाबाला सगळ्यात जास्त मागणी असते. सारिका संदेशला म्हणाली, "ही ऑर्डर निभावली तर पॉलिहाऊस राहील. नाहीतर मार्चमध्ये सांगाड्याचे पाइप उतरवू."

त्या दिवसापासून तिच्या उजव्या हातात मी आणि डाव्या हातात फोन. झाडांच्या मध्ये उभी राहून ती औषधवाल्याशी बोलायची, खोकीवाल्याशी बोलायची, बोलता बोलता मला दाबायची. आधी जांभळाखालचं जेवण गेलं. "तुम्ही बसा, मी उभ्यानेच खाते." मग तेही नाही. मग सईला आजीकडे सोडून यायला लागली, कारण सई आली की काम थांबतं. माझं तेल गेलं. एके दिवशी गंजलेली स्प्रिंग उडाली, कुठे पडली ते सापडलं नाही. सारिकाने तिथे केसांचा रबर गुंडाळला. रबर मला अर्धवटच उघडायचा. उरलेलं उघडणं तिच्या बोटांना करावं लागायचं. माझा एक दांडा सैल झाला तेव्हा चिकटपट्टी आली. मी तक्रार केली नाही. माझ्यासारखीच तीही करत नव्हती.

डिसेंबरच्या मध्यात छाटणी असते. तेव्हा छाटलेली झाडं बरोबर वेळेवर फुलतात. त्याच आठवड्यात नंदाबाई भाचीच्या लग्नाला तीन दिवस सुदुंबऱ्याला गेल्या. सारिकाने फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला. त्यात बेडच्या बुडाशी एक पान नव्हतं, सगळं कसं लख्ख, झाडून काढल्यासारखं. तिने आपल्या बेडकडे बघितलं. वाकवलेल्या फांद्या, त्यांच्यावर धूळ, कुठे कुठे रोगाचे डाग.

"या नुसत्या खातात आणि फूल देत नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, तिने मला खाली वाकवलं आणि मी कापत गेलो. एक बेड, दोन बेड. चार वर्षं ज्यांना हात लावायची बंदी होती त्या फांद्या कट्कट् पडत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण ओल्या फांदीचा तो आवाज मला अजूनही आठवतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

नंदाबाई परत आल्या तेव्हा सहा बेड मोकळे झाले होते. त्या दारातच थांबल्या. हातातली लग्नाच्या लाडवांची पिशवी खाली ठेवली.

"म्या तीन दिस काय गेले, तू तर चूलच इजवलीस!"

"मावशी, सगळा जोर फुलांत जाईल म्हणून..."

"जोर येनार कुटनं? आभाळातनं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "ऱ्हाऊ दे. सोळा बेड हायेत. त्यांना हात लावू नगं."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाडांनी उत्तर दिलं. झालर असलेल्या सोळा बेडवर दांडे सारिकाच्या कमरेच्या वर गेले. त्या सहा बेडवर ते वीतभरच वाढले. कळ्या आल्या, पण बोराएवढ्या. सारिका तिसऱ्या बेडपाशी उभी राहिली आणि मग तिथेच मातीत बसली. मी तिच्या मांडीवर होतो. कडी न लावता तसाच पडलो होतो. असं आजवर कधी झालं नव्हतं.

नंदाबाई तिच्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "आरशात बगितलंस का कदी?"

"का?"

"ह्या तीन नंबरच्या बेडवानी दिसतीस."

सारिका आधी हसली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसली. "मावशी, तुमची जीभ म्हणजे ना..."

"जीभ ऱ्हाऊ दे. सकाळपासनं काय खाल्लंस?"

सारिकाला आठवेना. नंदाबाईंनी मला उचललं, माझी कडी लावली आणि सारिकाला दंडाला धरून जांभळाखाली नेलं. त्या दिवशी सारिका दीड भाकरी जेवली. जेवण झाल्यावर तिने फोन घेतला. जो फोन करायची तिला सगळ्यात भीती होती, तोच केला. हैदराबादच्या व्यापाऱ्याला सरळ सांगितलं, सहा बेड माझ्या चुकीने गेलेत, रोज इतके गठ्ठे कमी येतील, आत्ताच सांगते म्हणजे तुम्हाला दुसरीकडून घेता येतील. तो चिडला. पाच मिनिटं ती नुसतं ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, बाकीचे लोक हे गाडी भरायच्या दिवशी सांगतात. जेवढे सांगताय तेवढे नक्की द्या.

आखूड फुलांचंही जमलं. लोणावळ्यात बंगल्यांवर लग्नं होतात, तिथल्या सजावटवाल्याला दांडे लांब असले तरी ते कापावेच लागत. तो आखूड फुलं आनंदाने घेऊन गेला. त्याच संध्याकाळी संदेशने मला वडगावहून नवी स्प्रिंग आणली. रबर निघाला आणि मी पुन्हा पुरता उघडलो. उघडणं हे माझं निम्मं काम आहे, हे मला रबराच्या दिवसांनी शिकवलं.

पाच फेब्रुवारी हा सगळ्यात मोठा दिवस होता. चारला गाडी येणार होती. बारा वाजले तेव्हा चाळीस गठ्ठे बाकी होते. सगळ्या बायकांचे हात चालूच होते, पण डोळे सारिकाकडे. मीही बघत होतो. तिने घड्याळाकडे बघितलं, फुलांकडे बघितलं. तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली. तिचा अंगठा माझ्या कडीवर होता. ओढेना, सोडेना.

तेवढ्यात बाहेरून सईची हाक आली. संदेश तिला घेऊन आला होता. "आई, मी कुणाच्या डब्यातलं आधी खाऊ?"

कट्. माझी कडी लागली.

"चला गं," सारिका म्हणाली. "डबे काढा."

अर्धा तास म्हणजे अर्धा तास. गाडी आली तेव्हा शेवटचे चार गठ्ठे बांधायचे होते. चालक पवन कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, दहा मिनिटं उशीर!" नंदाबाईंनी त्याच्या हातात भाकरी आणि ठेचा दिला. दहा मिनिटांनी गठ्ठे तयार झाले, तर हाच म्हणाला, "थांबा की, एक घास राहिलाय."

आठ तारखेपर्यंत जेवढे सांगितले होते तेवढे गठ्ठे रोज गेले. पाइप उतरले नाहीत.

आता मी म्हातारा झालोय. धार लावून लावून माझं पातं बारीक झालंय. कापायला नवा सिकेटर आहे. मी दाराजवळच्या उंच खिळ्यावर असतो, सईचा हात पोचणार नाही अशा बेताने. पण ती उंच होतेय, म्हणून खिळा दरवर्षी थोडा वर जातो.

त्या मार्चमध्ये सहा बेडच्या बुडातून नव्या बारीक फांद्या फुटल्या होत्या. सारिका मला घेऊन त्यांच्यापाशी गेली. क्षणभर मला हातात धरून थांबली. मग तिने मला कमरेच्या पिशवीत ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले आणि पहिली फांदी जपून पिळून खाली वाकवली. मग दुसरी. पूर्ण सहा बेड. एवढा वेळ मी पिशवीत गप्प होतो, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी तेव्हाच केलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्याही हातात कधीतरी कात्री येईल, कामं खूप असतील आणि दिवस छोटा वाटेल. तेव्हा ज्याला फूल येत नाही ते कापण्याआधी, ते कुणाला खाऊ घालतंय एवढं बघा.

आणि जाताना माझ्या स्प्रिंगवर तेलाचा एक थेंब टाका. कडी लावायला विसरू नका. सई येतेय.