भोकं पडलेली पानं

पहिल्या खेपेला एका झुडपाच्या पानांच्या अर्काने काचेच्या बशीतले हत्तीरोगाचे सगळे कृमी गार पडले होते. संशोधक बाई आनंदाने वेड्या व्हायच्याच बाकी होत्या. पुढच्या चारही खेपांना मात्र कृमी मजेत वळवळत राहिले. आता सोमवारच्या बैठकीत साहेब झुडपाच्या नावावर फुली मारणार आणि सहा वर्षांची मेहनत पाण्यात जाणार.

हे सांगायला बाई तळमजल्यावर, पानं वाळवायच्या खोलीत गेल्या. तिथे मावशी वीस वर्षं पानं निवडत होत्या. त्यांचा डावा पाय याच रोगाने खांबासारखा सुजलेला; तो स्टुलावर ठेवून त्या काम करत. त्यांच्यापुढे हार कबूल करणं बाईंच्या अगदी जिवावर आलं होतं.

“सोमवारी हे झुडूप बाद होतंय, मावशी.”

“मग त्या पोत्याचं काय करू?”

“कसलं पोतं?”

“अहो, तुम्हीच नाही का ओरडलात, किडीनं खाल्लेली पानं पाठवू नका म्हणून? तेव्हापासून वाळवून बाजूला ठेवते. एवढ्या लांबून आणलेली, टाकवत नाहीत.”

बाईंनी पोत्यात हात घातला. भोकंच भोकं! पहिल्या खेपेची पानंही अशीच होती. ती बघूनच तर त्या ओरडल्या होत्या. सुरवंटांनी कुरतडलं की झाडं बचावासाठी पानात विष तयार करतात, हे बाई विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत. स्वतःच्या झुडपाच्या वेळी मात्र अक्कल गहाण पडली होती. स्वच्छतेच्या नादात त्यांनी नेमकं औषधच बाजूला काढायला लावलं होतं.

शुक्रवारी दुपारी, पोत्यातल्या पानांच्या अर्काची चाचणी होताच, बाई मायक्रोस्कोप पोटाशी धरून दोन जिने उतरल्या. शिपाई मदतीला धावला, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही.

“बघा, मावशी.”

मावशींनी भिंगाला डोळा लावला. “एकही हलत नाहीये हो!”

“तुमच्यामुळे. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण औषध व्हायला अजून बरीच वर्षं लागतील. आणि तुमच्या पायाची सूज त्यानं...”

“उतरणार नाही. माहितीये मला.” मावशींनी डोळा हलवला नाही. “माझ्या नातीचे पाय अजून सरळ आहेत, बाई. तिच्यापर्यंत पोचलं म्हणजे झालं.”

मग त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवला आणि स्टूल बाईंकडे सरकवलं.

“बसा. एवढं ओझं घेऊन आलात.”