मी न दिलेली टाळी

मित्रांनो, माझ्या अंगावरचे काळे-पांढरे पट्टे आता पुसट झाले आहेत, पण तोंड मिटताना मी अजूनही खणखणीत वाजते. मी सिनेमाच्या चित्रीकरणातली क्लॅपची पाटी. लंडनबाहेरच्या एका स्टुडिओतल्या सुताराने मला घडवले, बिजागरी बसवली आणि एकदा वाजवून पाहिले. “तोंडाची फटकळ आहे हो!” तो हसून म्हणाला. तेव्हापासून मला स्वतःचा जरा गर्वच आहे.

आणि का नसावा? चित्र एका फितीवर उतरते, आवाज दुसरीवर. चित्रात माझे तोंड मिटते ती जागा आणि आवाजात ‘टक्’ येते ती जागा जुळवली, की माणसांचे ओठ आणि बोलणे एक होते. मी नसेन तर सगळा गोंधळ!

माझ्या पाठीवर खडूने जन्मभर एकाच दिग्दर्शकाचे नाव लिहिले गेले, क्लिफर्ड हेब्डन. यॉर्कशरमधल्या खाणींच्या गावचा हा गडी टेलिव्हिजनवर पोलिसांच्या मालिका करायचा. भारी उतावळा! शॉट आवडला की हातातला चहा सांडत उठायचा आणि “कट!” म्हणून ओरडायचा. ते चहाचे डाग माझ्यावर अजून आहेत.

अखेर त्याला पहिला सिनेमा मिळाला आणि आम्ही थेट त्याच्या गावी गेलो. पाडायला काढलेल्या घरांच्या रांगेतले एक स्वयंपाकघर आम्हाला मिळाले होते. मुख्य भूमिकेत नट नव्हताच. पर्सी नावाचा खराखुरा म्हातारा खाणकामगार होता. प्रसंग साधाच. बायको वारलेला माणूस सवयीने दोन कप चहा ओततो आणि दुसरा कप तिच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतो. याच प्रसंगावर सगळा सिनेमा उभा होता.

मी वाजले, टक्! पर्सी खुर्चीतून उठून दाराशी! पुन्हा वाजले, पुन्हा तेच.

“पर्सीकाका, अहो, साधी पाटी आहे ती!” क्लिफर्ड रडकुंडीला आला.

“तुझ्यासाठी पाटी, पोरा. खाणीत छताचा लाकडी टेकू मोडतो तो अस्साच. हा आवाज आला की पाय मला विचारत नाहीत, पळत सुटतात.”

कॅमेऱ्यात फिल्मचे शेवटचे रीळ उरले होते आणि घर दुसऱ्या दिवशी सकाळी पाडणार होते. क्लिफर्डने कपाळावरचा घाम पुसला. “हिला शेवटी वाजवू,” तो म्हणाला. आमच्यात तशी रीत आहे. शॉटच्या शेवटी वाजवायचे असेल तर मला उलटे धरतात, म्हणजे फिती जुळवणाऱ्या संकलकाला कळते.

कॅमेरा गुपचूप सुरू झाला. मला वाजवणाऱ्या डेरेकच्या हातात मी उलटी लटकून पाहत होते. पर्सीने चहा ओतला, दुसरा कप बशीत ठेवला आणि म्हणाला, “थंड व्हायच्या आत घे गं, एल्सी.”

संहितेतले नाव वेगळे होते. एल्सी ही त्याची खरी बायको, मागच्याच हिवाळ्यात गेलेली. क्लिफर्ड ताडकन उठला. “कट! कट! काय कमाल केलीत पर्सीकाका!”

कॅमेरा थांबला. रीळही संपले. मी आ वासून तशीच.

“साहेब,” डेरेक हळूच म्हणाला, “क्लॅप राहिली.”

क्लिफर्डचा चेहरा पांढराफटक पडला.

पुढे संकलनाच्या खोलीत ईनिड नावाची संकलक त्या दोन फिती जुळवताना हैराण झाली. पर्सीच्या झुबकेदार मिशांत ओठ दिसतील तर शपथ!

“‘कट’ म्हणायची एवढी कसली घाई असते रे तुला?” ती कडाडली. “हा प्रसंग कापावा लागणार आता.”

“मग सिनेमात राहिलं काय?” क्लिफर्डने वैतागून हातातला कप बशीत आपटला.

ईनिड दचकली. मग ओरडली, “पुन्हा कर!”

“काय?”

“कप ठेव, कप! तस्साच!”

टिंग! तिने चित्रात पर्सीचा कप बशीला टेकतो ती जागा शोधली, आवाजात ती बारीकशी टिंग शोधली आणि दोन्ही फिती जोडून सोडल्या. मिशांच्या आडून अगदी वेळेवर शब्द आले, “थंड व्हायच्या आत घे गं, एल्सी.”

“सापडली तुझी क्लॅप!” ईनिडने त्याला मिठीच मारली. “चहाला गेली होती मेली!”

त्या सिनेमाने क्लिफर्डचे नाव झाले. मग मोठे सिनेमे आले, बक्षिसे आली, आणि लाल आकडे चमकवणाऱ्या नव्या पाट्याही आल्या. मी कपाटात गेले. कोणी माझ्यावर बिस्किटे मांडली, कोणी मला खिडकीत अडकवले. वाईट वाटायचेच. ज्या शॉटला लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या, त्यातली टाळी तेवढी माझी नव्हती.

मग क्लिफर्डच्या शेवटच्या सिनेमाचा शेवटचा दिवस उजाडला. त्याने पिशवीतून मला काढले, बाहीने पुसले. “आज हीच,” म्हणाला आणि स्वतःच मला उलटे धरले. शॉट इतका सुंदर झाला की सगळे त्याच्या ओरडण्याची वाट पाहत राहिले. तो ओरडला नाही. आधी त्याने मला वाजवले, टक्! मगच हळूच म्हणाला, “कट.”

मित्रांनो, काम फत्ते झाले की आनंदाने ओरडावेसे वाटतेच. खुशाल ओरडा! फक्त त्याआधी, कोपऱ्यात कोणी आपल्या पाळीसाठी ताटकळत तर नाही ना, तेवढे बघा.