विन्झेन्झ श्ट्राइफ उतरतो

ऑस्ट्रियातल्या आमच्या किट्झब्यूलमधला पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष तरुणपणी एकदा तरी श्ट्राइफवरून खाली आलेला आहे. म्हणजे तो तसं सांगतो. जगातल्या सगळ्यात भयंकर स्की-शर्यतीचा हा उतार आमच्या डोक्यावर सुरू होतो आणि आमच्या गोठ्यांमागे संपतो, तेव्हा एवढा हक्क आम्ही एकमेकांना देऊन टाकलाय. खानावळीतल्या मोठ्या टेबलाशी कुणी कुणाची उलटतपासणी करत नाही. ज्याला त्या उतारावरची आपली उडी जेवढी लांब सांगायची तेवढी त्याने सांगावी, बाकीच्यांनी मान डोलवावी आणि मग आपली सांगावी.

माझा नवरा विन्झेन्झ तर या सगळ्यांचा बाप. शर्यतीआधी उतार तपासायला काही धाडसी पोरं सोडतात, त्यांत एका वर्षी त्याची निवड झाली होती. या पोरांची वेळ कुणी मोजत नाही की नाव कुठे लागत नाही. शर्यत सुटते त्या वरच्या खोपीतून विन्झीने खाली डोकावून पाहिलं, पोटात कळ आल्याचं सांगितलं आणि केबलकारने परत आला. संध्याकाळी खानावळीत म्युनिकच्या एका पाहुण्याने विचारलं, "तू आज श्ट्राइफ उतरलास?" विन्झीने होकाराची मान हलवली. सगळं गाव तिथे बसलं होतं, एकानेही तोंड उघडलं नाही. तेव्हापासून त्याची उडी दर हिवाळ्यात थोडी थोडी लांबत आली आहे.

यंदा नव्या हॉटेलात व्हिएन्नाहून गेर्नोट नावाचा व्यवस्थापक आला. शिकलेला, उत्साही आणि कानाचा हलका. त्याला मोठ्या टेबलाची रीत कोण सांगणार? त्याने विन्झीची गोष्ट ऐकली, डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी गावभर फलक लावले: 'उन्हाळ्यात श्ट्राइफ पायी उतरा, साक्षात वीराच्या सोबतीने!' आणि मग भर खानावळीत विचारलं, "येणार ना?" टेबलाशी बसलेले सगळे विन्झीकडे बघत होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

घरी येऊन तो बाकावर धपकन बसला.

"बुर्गी, माझा गुडघा…"

"गुडघ्याला काय धाड भरलीये? रविवारी तर नाचत होतास."

"आणि त्या दिवशी आजारी पडलो तर?"

"पुन्हा पोटात कळ का?" मी बोलून गेले. एवढ्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदाच तोंडावर आणली होती. त्याने वाकून बूट काढले. मग हळूच म्हणाला, "तू येशील बरोबर?"

खरं सांगायचं तर, मला त्याची फुशारकी वाचवायची नव्हती. हा माणूस जन्मभर त्या उताराकडे पाठ करून जगला. शर्यतीच्या दिवशी त्याला नेमकं गोठ्यात काम निघतं. शेवटच्या उतारावर आमचं गवताचं कुरण आहे, तिथे विळा घेऊन मी जाते, तो कधीच नाही. मला तो एकदा खाली आलेला बघायचा होता. बस्स, एवढंच.

सकाळी केबलकारने आम्ही वर गेलो. पाहुणे नऊ-दहा. त्यांत हॉलंडच्या टेर्पस्ट्राबाई, सत्तरीच्या पुढच्या, दोन्ही हातांत काठ्या, पायांत नवेकोरे बूट. डोंगरावर आमच्याकडे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, मग तो मंत्री असो की गवळी.

खोपीशी गेर्नोटने विचारलं, "सांग ना विन्झेन्झ, इथे उभा होतास तेव्हा काय वाटलं?"

"भीती," विन्झी म्हणाला.

सगळे खो खो हसले. गेर्नोट म्हणाला, "बघा, विनोदही करतो!"

पहिला टप्पा बरा गेला. मग आला 'उंदीरसापळा' म्हणतात तो कडा. तिथे जमीन एकाएकी संपते आणि फार खाली पुन्हा सुरू होते. हिवाळ्यात तिथे निळा बर्फ असतो, उन्हाळ्यात गवत आणि शेण. आठ-दहा गायी त्या कड्यावर निवांत रवंथ करत उभ्या होत्या. विन्झी थांबला. दोन पावलं मागे सरकला.

"बुर्गी, मी केबलकारने जातो."

"जा," मी म्हणाले. "मी अडवत नाही. मी मात्र उतरते."

टेर्पस्ट्राबाई त्याच्या शेजारून टुकुटुकु पुढे गेल्या. "अरे चल की! आमच्याकडे एवढा उंच तर कालव्याचा बांध असतो!"

विन्झीने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मटकन खाली बसला आणि बुडावर घसरत निघाला.

"लक्ष द्या!" गेर्नोट ओरडला. "शर्यतीत शरीर असं खाली ठेवायचं असतं. वीर आपल्याला खरी पद्धत दाखवतोय!"

झालं! हॅनोव्हरचे दोन डॉक्टर बसले, त्यांच्या बायका बसल्या, गेर्नोटही इस्त्रीच्या पँटसकट बसला. अख्खी वरात बुडावर घसरत उंदीरसापळा उतरली. गायी रवंथ थांबवून बघत राहिल्या. मी हसून हसून दोनदा पडता पडता वाचले.

पुढचे टप्पे विन्झी माझा हात धरून उतरला. कुठे रांगला, कुठे झुडपाला लटकला, देवाला आणि माझ्या आईला शिव्या घातल्या. पण केबलकारचं नाव पुन्हा काढलं नाही. शेवटच्या कुरणात तर त्याने माझा हातही सोडला.

खाली मोठ्या टेबलाची मंडळी गंमत बघायला आली होती. गेर्नोटने सगळ्यांना जर्दाळूची दारू दिली आणि म्हणाला, "आता वीराचे दोन शब्द!"

विन्झीच्या पँटची मागची बाजू हिरवी आणि फाटकी झाली होती. त्याने पेला खाली ठेवला.

"मी हा उतार आज पहिल्यांदा उतरलो. तरुणपणी मी वर खोपीतच घाबरलो होतो आणि केबलकारने परत आलो होतो. बाकीच्या सगळ्या थापा."

मग टेर्पस्ट्राबाईंनी टाळ्या सुरू केल्या. "किती नम्र माणूस!" गेर्नोटचे डोळे भरून आले. "खरे वीर असेच असतात," तो म्हणाला.

"अरे, खरं सांगतोय मी! विचारा यांना!" विन्झीने गाववाल्यांकडे बोट दाखवलं.

गाववाले आपापल्या बुटांकडे बघत होते. त्यांचंही बरोबरच होतं. आज याचं खरं धरलं, तर उद्या कुणाकुणाच्या उडीची उलटतपासणी होईल याचा काय नेम! शेवटी खाटीक अलोइस, ज्याची स्वतःची उडी गेल्या वर्षी चर्चच्या लांबीएवढी झाली होती, मोठ्याने म्हणाला, "पुरे रे विन्झी! एवढा विनय बरा नव्हे. आम्ही पाहिलंय ना तुला तेव्हा!"

"पाहिलंय, पाहिलंय!" सगळे एका सुरात. टाळ्यांचा कडकडाट. गेर्नोटने तिथल्या तिथे जाहीर केलं, दर गुरुवारी वीर पाहुण्यांना घेऊन उतरणार.

विन्झी गवतात बसून राहिला. मी शेजारी बसले.

"बुर्गी, मी आज उतरलो ना गं? निदान आज तरी?"

"उतरलास. वरपासून खालपर्यंत. माझ्या डोळ्यांदेखत."

"मोठ्याने सांग."

मी उभी राहिले, एप्रनला हात पुसले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "माझा नवरा आज श्ट्राइफ उतरला!"

पाहुणे हसले. त्यांच्या लेखी ही शिळी बातमी होती. विन्झी मात्र दोन्ही हातांत तोंड लपवून ढसाढसा रडत होता.