सात वितींचा पडदा

ज्या शिक्षिकेला उद्या काय शिकवायचं हे रस्त्यावरच्या लोकांना विचारावं लागतं, तिने शिक्षिका व्हावंच कशाला, असा माझा साधा प्रश्न होता. आणि ती शिक्षिका माझीच मुलगी असल्यामुळे तो मी तिला वरचेवर विचारायचे, बहुतेक वेळा ती जेवत असताना.

मी स्वतः त्याच शाळेत उभं आयुष्य काढलं. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, आणि ती पाडायची कोणाची हिंमत नव्हती. मी निवृत्त झाले आणि दुसरीचा वर्ग मुलीकडे आला. तिने पहिलं काम काय केलं, तर अडगळीतला एक जुना फळा काढून शाळेच्या फाटकाबाहेर टांगला. शनिवारी त्यावर लिहायची, ‘पुढच्या आठवड्यात दुसरीत वजाबाकी. एखादा खेळ सुचवा.’ शेजारी दोरीला खडू बांधलेला. येणारे-जाणारे थांबून लिहायचे. ज्यांना लिहायचा कंटाळा, ते शाळा सुटताना तिला गाठून सांगायचे.

वजाबाकीसाठी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने सुचवलं, पुठ्ठ्याच्या डोक्यांना लोकरीचे केस लावा आणि पोरांना कापू द्या. झालं, आठवडाभर वर्गाचं सलून. किती केस होते, किती कापले, किती उरले, असा नुसता गलका. मुलगी घरी यायची ती कपड्यांना लोकर चिकटवून, आणि मी नाक मुरडायचे.

आता आमच्या बाहेरच्या खोलीतल्या पडद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मुलीकडेच राहते. नव्या घरात आलो तेव्हा सामान अजून खोक्यांतच होतं आणि खिडकीला पडदा नव्हता. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. उंच माणूस, हात फावड्याएवढे. मोजायची टेप नेमकी कामावर राहिलेली. मग ते स्टुलावर चढले, वितीने खिडकी मोजली आणि म्हणाले, “आई, वरपासून खालपर्यंत बरोबर सात विती.” मी दुमडपट्टीला चार बोटं जास्त धरली, सात विती मोजून कापड कापलं आणि मशीनवर शिवून मोकळी झाले. टांगला तर पडदा चांगला वीतभर वरच लटकला. तेव्हापासून घरी येईल त्याला मी सांगत आले, की आमच्या जावयांना एक खिडकी धड मोजता येत नाही. जावई बिचारे कधी ब्र काढायचे नाहीत. मुलगी मात्र अशा वेळी हटकून स्वयंपाकघरात निघून जायची.

तर त्या फळ्याची तक्रार गेली. कुठल्याशा पालकाने वरच्या ऑफिसात कळवलं, की ही शाळा आहे का बाजार, इथे न्हावी ठरवतो गणित कसं शिकवायचं. तपासणीला एक अधिकारी बाई येणार असं कळलं. त्यांना पटलं नाही तर फळा उतरणार होता आणि दुसरीचा वर्गही मुलीच्या हातून जाणार होता. त्यात मुख्याध्यापकांनी मलाही बोलावलं. जुन्या शिक्षिका म्हणून माझं मत घ्यायचं होतं. माझं मत काय आहे ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

“आई, उद्या तुला विचारतील. तुला जे वाटतं तेच सांग हं. माझ्यासाठी म्हणून काही बोलू नकोस.”

“मी कधी दुसरं काही बोललेय का?” मी म्हटलं. ती हसली, पण तिचा चेहरा उतरलेला होता. पोरीचा वर्ग माझ्या तोंडावर अवलंबून आहे हे मला तेव्हा कुठे नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं आणि कपाळाला हातच लावला. समोर दोरीवर आमचा पडदा! सकाळी खिडकीला पडदा नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अधिकारी मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मुलीकडे असे डोळे वटारले, की माझ्या वेळची पोरं असती तर रडली असती. हिने बघितलंच नाही.

“एका माणसाने खिडकी मोजली, सात विती,” ती मुलांना सांगत होती. “दुसऱ्याने पडदा कापला, सात विती. दोघंही खोटं बोलले नाहीत. तरी पडदा आखूड झाला. कसा काय?”

“धुतल्यावर आटला!” एकजण ओरडला.

“नाही, तो आधीपासूनच आखूड होता. मोजून बघा.”

मग काय, झुंबड उडाली. एकाचं उत्तर आलं नऊ, दुसऱ्याचं अकरा. चिमणी नावाने ओळखली जाणारी एक एवढीशी मुलगी होती, तिच्या इवल्या हाताने तर बारा भरले. “तू चुकलीस”, “तूच चुकलास” असं सुरू झालं. दोघं हमरीतुमरीवर आले. मी असते तर एव्हाना छडी आपटली असती. माझी मुलगी हाताची घडी घालून उभी होती, ढिम्म.

चिमणीने आपला हात भांडणाऱ्यांपैकी एका मुलाच्या हाताला लावून बघितला. मग म्हणाली, “बाई, कोणीच नाही चुकलं. माझा हात छोटा आहे म्हणून माझे जास्त येतात.”

आणि ती पुढे म्हणाली, “ज्याच्या हाताने बरोबर सात येतील ना, त्यानेच कापलाय हा पडदा.”

झाली चोराची शोधाशोध सुरू. बाईंच्या हाताने सात पुरे होईनात. शिपाईकाकांना ओढून आणलं, त्यांचे सहाच आले. अधिकारी मॅडमनाही पोरांनी सोडलं नाही. त्या उठल्या, मोजलं, सातव्या वितीला कापड थोडं कमी पडलं. मी माझा हात पर्सखाली सरकवला.

“आजी, तुमचा हात?”

चिमणी समोर उभी. अशा डोळ्यांपुढे माणूस काय करणार! उठले. एक, दोन, तीन, सगळा वर्ग मोठ्याने मोजत होता. सातव्या वितीला माझी करंगळी पडद्याच्या काठावर अशी बसली, की इकडे नाही की तिकडे नाही.

“चोर सापडला!”

वर्ग नाचायला लागला. मॅडम तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, भीत भीत. आणि खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

“म्हणजे खिडकीवाल्याचा हात मोठा होता,” मघाचा भांडखोर म्हणाला. “बाई, सगळ्यांनी एकच हात वापरायला पाहिजे. लाकडाचा वगैरे.”

मुलगी शांतपणे कपाटाकडे गेली, मीटरची पट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली. “हा घे,” ती म्हणाली. “सगळ्यांचा हात.”

हा खेळ कोणी सुचवला, असं मॅडमनी विचारलं. “पलीकडच्या शिंप्यांनी,” मुलगी म्हणाली. “चुकलेलं एखादं कापड न्या आणि मुलांना चूक शोधू द्या, असं फळ्यावर लिहिलं होतं त्यांनी. आमच्या घरात हेच एक होतं.” मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “बाई, तुमचं मत?”

मी उभी राहिले. “एक मीटर म्हणजे शंभर सेंटिमीटर, हे मी पोरांकडून असं घोकून घेतलं की अजून झोपेत विचारा, सांगतील. पण मीटर लागतो कशाला, हे माझ्या वर्गात कोणी विचारलं नाही. हिच्या पोरांनी तो मागून घेतला. फळा उतरवायचा असेल तर आधी मला उतरवावं लागेल. आणि ही माझी मुलगी आहे, हेही तुमच्या अहवालात लिहा.”

मुलगी फळ्याकडे तोंड करून उगाचच पुसत राहिली. फळा कोरा होता.

वर्ग तिच्याकडेच राहिला आणि फाटकावरचा फळाही. संध्याकाळी जावई घरी आले, रिकामी खिडकी बघून म्हणाले, “आई, टेप आणलीय. आता नीट मोजून नवा पडदा करू.”

“काही नको,” मी म्हटलं. “आणि तुम्ही खिडकी बरोबर मोजली होती. बसा, चहा ठेवते.”

ते बसले, आणि टेप परत खिशात टाकली.

पडदा परत तिथेच टांगलाय, वीतभर वर. अजूनही येईल तो पाहुणा विचारतो, हा असा आखूड कसा? मुलगी आता स्वयंपाकघरात पळत नाही. मी ताठ बसते आणि सांगते, “पडदा नाही तो. माझ्या मुलीचं शैक्षणिक साहित्य आहे.”